सूर्य आडवा आला की

हुपरीत आमच्या काकांची केबल. खाली घरात काकी पैंजणांना घुंगरू जोडत बसायची, वर गच्चीवर पत्र्याच्या खोलीत काकांची कंट्रोल रूम, आणि खोलीबाहेर गुऱ्हाळातल्या काहिलीएवढी डिश. ती आभाळातल्या एकाच जाग्याकडं तोंड करून बसलेली.

"तितं काय हाय ओ काका?"

"उपग्रह. पृथ्वी फिरती तसाच तिच्यासंगं फिरतोय, म्हणून आपल्याला जाग्यावरच. खुंटीला बांधल्यागत."

वर्षातनं दोनदा, शिमग्याच्या आणि दसऱ्याच्या सुमाराला, काही दिवस भर दुपारी सूर्य बरोबर त्या उपग्रहाच्या मागं येतोय. मग सूर्याच्या कालव्यात डिशला उपग्रहाचं काय ऐकू येत न्हाय, आणि सगळ्या गावाचं चित्र थोडा वेळ जातंय. डिशच्या पुढच्या डब्याची सावली मधोमध सरकाय लागली की काका फोनजवळ जाऊन बसायचं. फोन यायचंच. सगळ्यांना उत्तर एकच. "सूर्य आडवा आलाय, पावणं. जेवून घ्या. ताट धुस्तोवर चित्र येतंय."

मी नकल्या. हेडसर, एस्टीचा कंडक्टर, अंड्यावर बसलेली कोंबडी, काय सांगशीला ते काढतो. पण लग्नाकार्यात फर्माईश एकच, काका काढ. मग मी आवाज घोगरा करून "सूर्य आडवा आलाय" म्हणायचो आणि शेवटाला नाकातनं "हंफ्" करून हसायचो. काका तसं कधीच हसलं न्हाईत. ते हंफ् माझं. त्याच्यावर मांडव हसायचा, म्हणून ऱ्हायलं. काकाच म्हणायचं, "माझ्यापेक्षा मी तुलाच बरा जमतोय की रं!"

गेल्या उन्हाळ्यात काका गेलं. केबल माझ्या गळ्यात पडली.

दसरा जवळ आला. एका दुपारी सावली मधोमध आली, चित्र गेलं, फोन वाजला. मी उचलला, आणि माझ्या तोंडातनं काकाच बाहेर पडलं. "सूर्य आडवा आलाय, पावणं..."

पलीकडनं एक म्हातारा हळूच म्हणाला, "तुमी गेलतासा न्हवं?"

फोन ठेवून मागं बघतोय तर दारात काकी. हातात अर्धं पैंजण. मला वाटलं, आता थोबाडीत बसती.

"परत बोल," काकी म्हणाली.

मी बोललो.

"आणि हे नाकातनं हसायचं, ते का सोडलंस?"

मी हंफ् केलं. काकीनं डोळं मिटलं. "व्हय. हे असंच हसायचं बघ."

दुसऱ्या दिवशी सावली सरकायच्या आधीच काकी वर येऊन बसली. तिसऱ्या दिवशीबी. मी हसलो की ती मान डोलवायची, आणि मला पाठीमागं कोणतरी उभारल्यागत वाटायचं. काकीच्या डोक्यात काका बसलेत का मी, तेच कळंना.

तवा जुना कॉम्प्युटर उघडला. काकांनी एकदा आमच्या लोकल चॅनेलला पाण्याची सूचना स्वतःच्या आवाजात दिलेली, ती सापडली. बारीक आवाज, घाईघाईनं, निम्मं शब्द गिळलेलं. आधी मलाबी वाटलं, ह्यो कोण? मग हळूहळू वळख पटली.

काकीला खाली नेऊन ऐकवलं.

"कोण रं ह्यो?"

"काका."

"खुळा हाईस काय? ह्यांचा आवाज मला म्हाईत न्हाय? तू काढतोस तसा हुता." आणि परत घुंगरू जोडाय लागली.

मग मी ठरवलं, तिला हळूच खऱ्या आवाजाकडं न्यायचं. रोज त्या सूचनेचा रियाज करायचो. एक दिवस घोगरेपणा कमी केला, दुसऱ्या दिवशी बोलायची घाई वाढवली. काकीचं ध्यान न्हाय असं वाटलं. चित्र जायच्या शेवटच्या दिवशी हंफ् सोडून दिलं. फोन वाजला आणि मी बारीक आवाजात, शब्द गिळत, अगदी काकांसारखा बोललो. आयुष्यात एवढी तंतोतंत नक्कल मला कधी जमली नव्हती.

काकी उठली. तिचा चेहरा घरात कोण नसल्यागत झालता.

"आज न्हाय आलं ते," ती म्हणाली. "उद्या येतील का रं?"

आता उद्यापासनं सूर्य सरकणार, चित्र काय जाणार न्हाय, फोनबी येणार न्हाईत, हे तिला कसं सांगायचं? तेवढ्यात फोन परत वाजला. काकी दारात थांबली, पाठमोरी.

मी उचलला. "सूर्य आडवा आलाय, पावणं," घोगऱ्या आवाजात म्हणालो. "जेवून घ्या. ताट धुस्तोवर चित्र येतंय."

आणि हसलो, नाकातनं.

काकीनं डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि काकांचं ताट वाढाय खाली गेली.