साडूंचा देश आणि पाहुण्यांची ढाल

आमच्या थोरल्या साडूंनी अकोल्यात एक स्वतंत्र देश स्थापन केला, आठवडाभर चालवला आणि भर पंगतीत बुडवला. जगाच्या इतिहासात याची नोंद नाही, कारण इतिहास लिहिणारे लोक अकोल्यात उतरत नाहीत. गाडी थांबते तेवढ्यापुरते ते बाहेरचं ऊन बघतात आणि खिडकी लावून घेतात. मी मात्र त्या देशाचा साक्षीदार आहे. नुसता साक्षीदार नव्हे, त्या देशातला एकमेव अधिकृत परदेशी.

साडू वकील होते. अकोल्याच्या कोर्टात त्यांचं बरं चाललं होतं, आणि तसंच चालू राहिलं असतं, तर आमच्या सासुरवाडीला दोन्ही जावयांचं कौतुक सारखं करता आलं असतं. पण त्यांना एका खटल्यानं पछाडलं होतं. त्या खटल्यात फिर्यादी नव्हता, आरोपी नव्हता, फीचा तर प्रश्नच नव्हता. खटला असा, की वऱ्हाड नेमकं कोणाचं? मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची आणि कारभार मध्यप्रांताच्या शेपटाला बांधलेला. "तीन धनी हायेत म्हंजे एकही नाही," साडू म्हणत. "अन ज्याले धनी नाही तो सोतंत्र. हाय का नाही मास्तर?" मी अमरावतीच्या शाळेत भूगोल शिकवत असे. नकाशात असा देश दाखवलेला नाही, असं मी एकदाच बोललो. त्यावर त्यांनी नकाशाच रद्द ठरवला आणि मलाही. मी जन्मानं वाईकडचा. तेव्हापासून मी त्यांच्या दप्तरी 'परदेशी' झालो.

परदेशी होण्याचे फायदे होते, हे मी नाकारत नाही. अकोल्याला गेलो की मला पहिल्या पंगतीत, पहिल्या पाटावर बसवत. मी कधी वाढायला म्हणून उठलो तर साडू हातातलं भांडं हिसकावून घेत. "काहून उठून राहिले? जो वाढते तो घरचा, जो जेवते तो पाहुना. तुमी जेवा." हा त्यांच्या देशाचा पहिला आणि बहुधा शेवटचा कायदा. लग्नाला पंधरा वर्षं झाली, दोन मुलं झाली, तरी साडूंच्या घरी एक वाटीभर वरण वाढायचा अधिकार मला मिळाला नाही. माझी बायको हसायची. मलाही हसू यायचं, पण सगळंच नाही.

तर असा देश हाताशी असल्यावर आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवायला काय लागतं? एक मैदान आणि एक वकील. साडू कॉलेजात असताना नागपूरला फुटबॉल खेळले होते. चांगले खेळले असावेत, कारण ते स्वतःच तसं सांगत. पण तिथे ढालीवर नाव कोरलं गेलं ते मध्यप्रांताचं. हे शल्य त्यांनी पोटात ठेवलं, वाढवलं, आणि एके वर्षी कापसाच्या हंगामात बाहेर काढलं. चार देश ठरले: वऱ्हाड, खानदेश, मध्यप्रांत आणि मोगलाई, म्हणजे पैनगंगेपलीकडचा निजामाचा मुलूख. जिंकेल त्या देशाचं नाव चांदीच्या ढालीवर कोरायचं. "एकदा, फकस्त एकदा 'वऱ्हाड' हे नाव ढालीवर पाह्यचं हाय मले," ते म्हणाले. हे म्हणताना त्यांचा आवाज कोर्टातला नव्हता.

आता परराष्ट्रांचं स्वागत कसं करतात हे साडूंना ठाऊक नव्हतं, पण व्याह्यांचं कसं करतात हे पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे प्रत्येक संघाचं स्टेशनावर सीमांतपूजन झालं. पाय धुतले, गंध लावलं, नारळ दिला. नागपूरचा गोलकीपर घाबरून "माझं लग्न झालेलं आहे" असं सांगू लागला. एका ज्युनियर वकिलाला टेबल देऊन बसवलं होतं, तो प्रत्येकाला "देश कोनता तुमचा?" विचारी. एकानं "सीताबर्डी" असं उत्तर दिलं, तेही लिहून घेतलं. मोगलाईचा संघ हिंगोलीहून वाशिममार्गे लॉरीनं आला, तर साडू पूजेचं तबक घेऊन गावाबाहेरच्या नाक्यावर धुळीत उभे. सलामीला लग्नाचा बँड. त्याला दोनच चाली येत, म्हणून चार राष्ट्रांना त्या वाटून दिल्या.

पंच कोण? सगळे कोणत्या ना कोणत्या देशाचे. निःपक्षपाती माणूस एकच, परदेशी मास्तर. फुटबॉलचे नियम मला आदल्या दिवशी समजावून सांगितले. त्यातला शिट्टी वाजवण्याचा भाग मला पूर्ण समजला.

वऱ्हाडनं खानदेशला हरवलं, मोगलाईनं मध्यप्रांताला. हे सामने सकाळी झाले, जेवणं नंतर. अंतिम सामना मात्र ढाल द्यायला येणाऱ्या बड्या साहेबांच्या सोयीनं दुपारी ठरला आणि तिथेच घात झाला. कारण त्या दिवशी जेवण आधी. साडूंच्या कायद्यानं भाडोत्री वाढपी चालत नसत. वाढणारे कोण? घरचे. घरचे म्हणजे वऱ्हाडचा संघ. सेंटर-फॉरवर्डच्या हातात तुपाचं भांडं, दोन्ही फुलबॅक वांग्याच्या भाजीवर, गोलकीपर रोडग्यांची टोपली घेऊन. निखाऱ्यातून काढलेले रोडगे फोडायचे, त्यात तूप ओतायचं आणि आग्रह करायचा. शिवाय पुरणपोळी. "माह्या गयाची शपथ, अजून एक!" असा आग्रह दीड तास चालला. मी आणि मोगलाईवाले पहिल्या पंगतीत होतो. उठताना मला दोघांनी हात दिला. आणि पाहुणे उठल्यावर यजमान बसायचे, तोवर साहेबांची मोटार मैदानाशी येऊन उभी राहिली.

मग जो सामना झाला तो मी पंच या नात्यानं बसूनच पाहिला. एका बाजूला पोटं भरून हलता न येणारे अकरा, दुसऱ्या बाजूला सकाळपासून नुसत्या चहावर पळणारे अकरा. चेंडू बराच वेळ एकटाच होता. त्यातल्या त्यात मोगलाईचा एक गोल झाला, कारण वऱ्हाडचा गोलकीपर खांबाला धरून उभा होता. खांब सोडला असता तर पडला असता. शेवटी पोरगं पडलंच. मोगलाईचा कप्तान, एक ठेंगणासा ड्रिलमास्तर, धावत गेला. "काय झालं रे?" पोरगं म्हणालं, "जेवलो नाही जी. तुमचं व्हायचं होतं ना."

कप्तानानं माझ्या हातातली शिट्टी घेतली, स्वतःच वाजवली आणि सामना थांबवला. आपली माणसं मांडवात पाठवली, टोपल्या-भांडी मैदानावर आणवली. "बसा सगळे. आम्ही वाढतो."

साडू उसळले. "हे माह्या देशात चालनार नाही! पाहुन्यानं वाढाचं?"

"मग आम्ही खेळत नाही," कप्तान शांतपणे म्हणाला. "उपाशी माणसाला हरवायचं नाही आम्हाला. सामना सोडला. ढाल ठेवा तुमच्याकडंच, वऱ्हाडचं नाव कोरा."

साडूंनी टेबलावरच्या ढालीकडे पाहिलं. एक 'बरं' म्हटलं की झालं. त्यांच्या कायद्यानं, जो जेवेल तो पाहुणा. म्हणजे या माणसाच्या हातचं खाल्लं की आपल्याच देशात आपण परके. नाही खाल्लं तर देश जिंकलेला, पण उपाशी पोरं तिथे उभीच.

साडूंनी अंगरख्याच्या बाह्या सारल्या आणि धुळीत मांडी घातली. "बसा रे पोरहो," म्हणाले, "वाढा कप्तान."

मोगलाईनं पुरेपूर सूड घेतला. एकेका पोळीला शपथा घातल्या. साहेबांना हा खेळाचाच भाग वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर दोन्हीकडच्या बावीस जणांना हलता येईना आणि सामना एका गोलानंच संपला. ढालीवर मोगलाईचं नाव कोरलं गेलं. दुसऱ्या दिवशी लॉरी निघताना साडूंनी ढाल स्वतःच्या हातानं वर दिली, वर शिदोरी दिली आणि लॉरी दिसेनाशी झाल्यावर मला म्हणाले, "हरलो मास्तर. पन देश होता म्हनून तर पाहुने आले ना?" यावर टोमणा मारायला मला सहज जमलं असतं. मी नुसती मान डोलावली.

पुन्हा स्पर्धा झाली नाही. पोरं पुन्हा मध्यप्रांताच्या नावानं नागपूरला खेळायला जाऊ लागली. मला मात्र शेवटपर्यंत पहिला पाट होता. शेवटपर्यंत मी परदेशीच.

साडू गेले, त्यांच्या तेरवीला मी अकोल्यात होतो. पंगत बसायच्या सुमारास दारात एक ठेंगणा, केस पिकलेला माणूस उभा राहिला. वाशिमच्या कुणा पक्षकाराकडून त्याला कळलं होतं. आम्हा दोघांना लोकांनी रीतीप्रमाणे पहिल्या पंगतीत बसवलं. कप्तानानं पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि उठला. मीही उठलो. त्यानं रोडग्यांची टोपली घेतली, मी तुपाचं भांडं. मला कुणी अडवलं नाही. अडवणारा माणूस फोटोत होता.

शेवटची पंगत उठली तेव्हा आम्ही दोघे भिंतीशी टेकलो होतो. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आतून बाहेर आली. डोळे सुजलेले. तिनं दोन पानं मांडली आणि आमच्याकडे बघून म्हणाली, "बसा बावा आता. घरचीच मानसं राह्यली जेवाची."

मी बसलो. इतकी वर्षं त्या घरात जेवलो, पण सगळ्यांच्या शेवटी बसायची ती माझी पहिलीच वेळ.