आमटीची झडती

बायको गेली आणि तिचा आवाज तेवढा सुनेच्या ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये राहिला. सून धायरीत घरूनच काम करायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने सासूला कटाची आमटी विचारली आणि समोर लॅपटॉप उघडा होता म्हणून त्यातच रेकॉर्ड केली. आता तिने ती नोकरी सोडली, लॅपटॉप परत द्यायचा होता आणि रेकॉर्डिंग काही बाहेर निघेना. पेनड्राइव्ह लावला की कुलपाचं चित्र यायचं.

"अहो बाबा, ऑफिसचं काही बाहेर जाऊ नये म्हणून त्यात तशी सोयच केलेली असते. तुमचा मोबाइल जवळ धरून उतरवून घेऊ का?"

"चोरून नको. मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जन्म काढला. गेटवर रोज डबा उघडून दाखवायचो. तूपण दाखव आणि ने."

तिने ऑफिसकडे रीतसर मागितलं. तिथल्या तपासणाऱ्या माणसाने सगळं ऐकलं आणि मग सोडलं. परक्याने बायकोचं बोलणं ऐकलं, याचा मला राग आलाच. पण डब्यातली भाजीसुद्धा गेटवरचा शिपाई बघायचाच की.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"म्हणाला, यात कंपनीचं काही नाही. पण सासऱ्यांना मीठ कमी घाला."

मग मी ऐकलं. शेवटी ती सुनेला सांगते, "यांच्या वाटीत मीठ कमीच घाल. ओरडू देत कितीही."

आमटी अळणी होते. मी ओरडत नाही.