देगलूरच्या गाडीतला मरफा

त्या आठवड्यात इकरा चाऊसला जेवण जात नव्हतं, झोप लागत नव्हती, आणि हॉस्टेलच्या जिन्यावरून ती विनाकारण पळत होती. नांदेडच्या विद्यापीठात ती इतिहासात एम.ए. करत होती. ओमानमधल्या सलाला शहरात स्थलांतराच्या इतिहासावर एक शिबिर होतं. विभागातून एकच विद्यार्थी जाणार होता, आणि सोमवारी दुपारी निवड होती. आपलं घर इथवर कसं आलं, एवढंच प्रत्येकानं सांगायचं होतं.

इकराचे खापरपणजोबा हद्रमौतहून निजामाच्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि उदगीरला राहिले. हद्रमौत आता येमेनमध्ये. युद्धामुळं तिथं सध्या जाता येण्यासारखं नाही. पण सलाला त्याच किनाऱ्यावर, जरा पुढं. मेसमधल्या पातळ वरणाकडं बघताना तिला समुद्र दिसे. एरवी तिनं समुद्र पाहिलेलाच नव्हता.

"तुमचे खापरपणजोबा जहाजानं आले म्हणून इतिहास," तिची खोलीतली मैत्रीण बुद्धप्रिया म्हणायची. ती चाकूरची. "आमचा मामा ट्रॅव्हल्सनं चाकणला गेला, कंपनीत लागला. त्याला कोण शिबिर देऊन राहिलं?"

"तुझा मामा वापस येतो गं दिवाळीला."

"येतो की. दोन दिवसांत कंटाळतो अन् म्हणतो, मी चाललो घरी."

दोघी हसत सुटल्या. 'घरी' या शब्दाला दोन तोंडं कधी फुटतात, हे कुठल्याच पुस्तकात इकराला सापडलं नव्हतं. शिपाई पगारासाठी आला. कुठल्या तरी सकाळी उठला, आणि आपण कुठं आहोत हे त्याला आठवावं लागलं नाही. त्या सकाळची नोंद कोण ठेवणार?

रविवारी दोघी उदगीरला गेल्या. इकराला घरातला मरफा हवा होता. चाऊसांच्या लग्नात अरबी ठेक्यावर वाजतो तो छोटा नगारा, आजोबांचा. तो पुढ्यात ठेवूनच ती बोलणार होती. मरफा मिळाला. अब्बांचा होकार मिळाला नाही. अब्बांचं, करीम चाऊस यांचं, बॅटरी दुरुस्तीचं दुकान होतं. विषय निघाला की ते हातातली बॅटरी खाली ठेवत आणि तेच बोलत.

"परदादा बडी मुश्किलसे आए थे. तू कायकू वापस जाती?"

"पंधरा दिवसांत परत येणार, अब्बा."

"वो भी यहीच बोलके निकले होंगे."

आतल्या खोलीत बुद्धप्रिया तोंडात ओढणी कोंबून हसत होती.

सोमवारी सकाळी उदगीरच्या स्टँडवर जत्रा उसळली होती. बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून सोमवार असाच. दोन लाल गाड्या एकामागोमाग फलाटाकडं वळल्या. तिकडं रीत अशी की गाडी थांबायच्या आधी पळत जायचं आणि खिडकीतून रुमाल, पिशवी, टोपी, हाताला लागेल ते सीटवर टाकायचं. मग ती जागा आपली. इकरा पळाली. हाताला लागला तो मरफा. तिनं तो पिशवीसकट खिडकीतून आत ढकलला आणि दाराकडं धावली. दारात माणसांचं बूच बसलं होतं. ती आत शिरेना. तेवढ्यात मागच्या गाडीच्या खिडकीतून बुद्धप्रिया ओरडली, "अगं येडे, नांदेडची ही हाय! तिकडं कुठं?"

इकरानं वर पाटी पाहिली. देगलूर. दार धाडकन लागलं, घंटी झाली, आणि आजोबांचा मरफा तिच्याशिवाय निघाला.

"तू ये," बुद्धप्रिया म्हणाली. "मरफ्यावाचून बोल."

"मरफ्यावाचून काय बोलू? आडनाव दाखवू?"

नांदेडची गाडी बुद्धप्रियाला घेऊन गेली. इकरानं अब्बांना फोन केला. सलालासाठी ते आले नसते. मरफ्यासाठी ते मोटारसायकलवर, घरातल्या चौकड्याच्या लुंगीवरच आले. देगलूरच्या रस्त्यावर लुंगी शिडासारखी फुगली. एका हातानं ती सावरत, एका हातानं हँडल धरत ते वाऱ्यात ओरडत होते, "बाप का मरफा खिडकी में फेकती! रुमाल नै था?" मागं बसलेल्या इकराला रडायचं होतं, पण हसूच यायला लागलं. मग अब्बांची पाठही हलायला लागली.

एका फाट्यावर गाडी सापडली. ड्रायव्हर चहा पीत होता. इकरा आत चढली. पाय ठेवायला जागा नव्हती, माणसं दाटीवाटीनं उभी होती, आणि खिडकीजवळच्या सीटवर मरफा एकटा, पिशवीतून तोंड बाहेर काढून ऐटीत बसला होता. शेजारच्या सीटवर नवं लुगडं नेसलेली एक म्हातारी होती. तिनं त्याच्यावर हात ठेवला होता.

"कुणाला बसू दिलं न्हाई मी," म्हातारी म्हणाली. "लई जणांनी भांडून बघितलं. म्हणलं, जागा धरलीय, मानूस येईल मागून."

"आजी, मी चुकून टाकला. मला नांदेडला जायचंय."

"मग देगलूरहून जा की. तिथून नांदेडला गाड्याच गाड्या." म्हातारीनं मरफ्यावर बोट वाजवलं. "हे काय हाय गं? आम्ही नातीच्या लग्नाला निघालोत, बेंडवाल्यानं ऐन वेळी दगा दिला."

खालून वऱ्हाडातलं कुणीतरी ओरडलं, "साखराबाई, वाजवाय सांगा की!"

अब्बा खाली उभे होते. इकरानं खिडकीतून मरफा त्यांच्याकडं दिला. त्यांनी तो नुसता नीट आहे का ते बघायला थोपटला. एकदा. मग दुसऱ्यांदा. मग लुंगी खोचली. लहानपणापासून इकरानं त्यांना वाजवताना पाहिलं नव्हतं. दुकानात वाकलेला तो माणूस ताठ झाला होता. साखराबाई कंडक्टरला ढकलत खाली उतरल्या आणि पदर कमरेला बांधून नाचायला लागल्या. वऱ्हाड नाचलं. ड्रायव्हर चहाचा ग्लास डोक्यावर धरून नाचला. इकरा एका हातानं मोबाईलवर चित्रण करत होती आणि तिचेही पाय थांबत नव्हते.

कंडक्टरनं तीन-तीनदा घंटी मारली तेव्हा कुठं सगळे चढले. अब्बांना घाम फुटला होता. त्यांनी मरफा खिडकीतून परत आत दिला.

"बैठ," ते म्हणाले. "देर हो रही."

"अब्बा, निवड झाली तर जाऊ?"

"जा ना. मैं क्या चाक के आगे सोया?"

नांदेडला ती पोचली तेव्हा निवड समिती उठायच्या बेतात होती. विभागप्रमुख मॅडमनी घड्याळाकडं पाहिलं, मग तिच्या विस्कटलेल्या ओढणीकडं.

"काय दाखवणार आहेस?"

इकरानं मरफा टेबलावर ठेवला आणि मोबाईल सुरू केला. मॅडम बघत राहिल्या.

"हा ठेका अरबी आहे?"

"निघाला तिकडून असेल, मॅडम. इथं त्याच्यावर साखराबाई नाचतात. हे अरबी की उदगिरी, मला सांगता येत नाही. तिकडं आता कसं वाजवतात, ते ऐकायचंय. म्हणून जायचंय."

मॅडमनी चित्रण पुन्हा लावायला सांगितलं.

संध्याकाळी बाहेरच्या फलकावर एकच नाव लागलं. बुद्धप्रियानं ते आधी वाचलं आणि इकराला उचलून एवढी गरागरा फिरवली की दोघी गवतावर पडल्या. पडल्या पडल्याच इकरानं घरी फोन लावला. पलीकडून आधी अम्मीच्या किंकाळ्या आल्या. शेजारणीला खजूर हवे होते, कुणाला अत्तर. बऱ्याच वेळानं फोन अब्बांच्या हातात गेला.

"इकरा," ते हळूच म्हणाले, अम्मीला ऐकू जाऊ नये असं. "वहाँ वाजवणारा कमी पडला तर? पासपोर्ट निकालने को कित्ते दिन लगते?"