फिसकटलेली बोलणी

गेल्या वर्षी, म्हणजे मी तरुण होते तेव्हा, एक गाढवपणा केला. मी दुकानात उभी असताना मंगळवार पेठेतला माझा मिरचीवाला फोनवर कुणाला तरी म्हणाला, "बोलणी फिसकटली." मी त्याच्या लेकीसाठी दुसरं स्थळ सुचवलं. गल्ल्यावर बसलेली लेक खो-खो हसली. बोलणी शेजारच्या देशाशी व्यापाराची होती आणि ह्याचा मिरचीचा ट्रक सीमेवर अडकला होता.

दुकानातली गिऱ्हाइकं त्या देशाला शिव्या घालत होती. हा कोल्हापुरात जन्मूनही आवाज न चढवणारा. नेहमीसारखी तागडीत मूठभर मिरची जास्त टाकत म्हणाला, "हळू बोला, पावणं. गिऱ्हाईक हाय त्यो देश माझा."

मी ओशाळून पिशवी उचलली, तर मला म्हणाला, "आज्जी, तुमचं काय चुकलं न्हाय. दोन्हीकडचं मानपानावरच अडलंय, आन् माझी मिरची वऱ्हाडासारखी उन्हात बसलीया."