जांभळं सरबत

घाटकोपरला आमची छोटी तुकडी होती. मी तिथे लांगरी, म्हणजे जवानांचा स्वयंपाकी. गाव चंदगडकडे, शाळा सातवीपर्यंत. फौजेने मला दोन वेळचं अन्न दिलं आणि तेच शिजवायला लावलं. उपकार विसरणार नाही.

शनिवारी बडाखाना झाला. अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात, तो. मटण, पनीर, पुलाव. रविवारी सकाळी फॉल-इनला निम्मे जवान गैरहजर. संडासापुढे मात्र लाइन एकदम शिस्तीत.

"लांगरी, तुझी इन्क्वायरी लागणार," सुभेदार मोरेसाहेब म्हणाले.

वाटलं, बाहीवरची बढतीची फीत गेली, नोकरीही जाईल.

दुपारी आरोग्य खात्याच्या डॉक्टर मॅडम आल्या. बोलणं थेट मुंबईचं.

"मॅडम, मटण ताजं होतं, देवाशपथ."

"मामा, शपथ नको. आजारी कोण नाही पडलं, ते सांगा ना."

त्यांनी एकेकाला विचारलं. काय खाल्लं, काय प्यायलात? मटणवाले आजारी, पनीरवालेही आजारी. ठणठणीत होते ते सगळे रमवाले. माळकरी, उपासवाले, थेंबाला न शिवणारे, सगळे आडवे.

"रम औषधच, मी सांगत होतोच," सुभेदारसाहेब म्हणाले.

"रम राहू दे, साहेब. न पिणाऱ्यांना काय दिलं?"

"गुलाबाचं सरबत," मी म्हटलं. "बर्फ घालून. रममध्ये नुसतं पाणी."

"रंग कसा होता?"

"जांभळट."

मॅडमचं पेन थांबलं. "गुलाबाचं सरबत जांभळं?"

"मला वाटलं, मुंबईत असंच असतं."

मॅडमनी समजावलं. मासळीच्या पेट्यांत घालायचा बर्फ निळसर करतात, कुणी खाऊ नये म्हणून. "हा आणला कुणी?"

सरबत माझ्या हातचं. मी मान खाली घातली. शेजारी बूट आपटल्याचा आवाज आला. सुभेदारसाहेब सावधानमध्ये उभे होते.

"मी, मॅडम. साकीनाक्याला टेम्पो दिसला, लादी उचलली. लांगरीचा दोष नाही. तसं लिहा."

आजारी जवान हसले. हसता हसता दोघे पळाले.

मॅडमनी उरलेला बर्फ तपासायला नेला. जंतू त्यातच निघाले. ओरडा सुभेदारसाहेबांनी खाल्ला. माझी फीत राहिली.

पुढच्या पोस्टिंगला डोंगरात गस्तीवर असताना सुभेदार मोरेसाहेब शहीद झाले. रजेत त्यांच्या घरी गेलो. नाव सांगितलं.

"लांगरी भाऊजी ना?" वहिनी म्हणाल्या. "हे फोनवर सांगायचे, माणूस चांगला, डाळीत मीठ कमी घालतो."

"खरं आहे," मी म्हटलं.

त्यांनी ताट वाढलं. मी जेवलो.