सात नंबरचा पेला

मालूबाई आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत सोळा वर्षं परिचर आहेत. मी तिथलाच हेडक्लार्क, कॉमर्सचा माणूस, येत्या डिसेंबरात निवृत्त होईन. त्यांच्याविषयी लिहायचं तर मला माझ्या चुकीपासूनच सुरुवात करावी लागते.

यंदा प्राणिशास्त्राच्या निरंजन सरांनी असीरगडच्या वाटेवरच्या बरड माळावर एक पाहणी काढली. जमिनीवर फिरणारे किडे आणि कोळी मोजायचे होते. त्यासाठी प्लास्टिकचे वीस पेले काठापर्यंत मातीत पुरले आणि प्रत्येकावर दगडांच्या आधाराने एकेक कौल ठेवलं. चालता चालता आत पडेल ते सकाळी मोजायचं, सोडून द्यायचं. हे काम मालूबाईंकडे आलं. लोधीपुऱ्यातल्या घरून निघून त्या पहिल्या बसने माळावर जात.

त्यांना लिहिता येत नाही, म्हणून सरांनी चित्रांचा तक्ता दिला होता. चित्राखाली रेघा मारायच्या, पेला रिकामा असेल तर शून्यासारखा गोळा काढायचा. लहानपणापासून कपाशी निंदलेली बाई, विंचवाला भ्यायची नाही. पाठीवर पिलं घेऊन फिरणाऱ्या कोळिणीला त्या लेकुरवाळी म्हणत आणि पिलांसकट एकच रेघ देत. अहवालात तुमचंही नाव छापू, असं सर म्हणाले, त्या दिवशी त्यांनी ऑफिसात पेढे वाटले.

तक्त्यांवरून कोष्टक मी करायचो. मार्चमध्ये सात नंबरच्या पेल्यापुढे सलग एकोणीस दिवस गोळा. बाकीच्यांत रोज पाच-सात जीव. सात नंबर सगळ्यांत वर, चढावर. मला तेवढं पुरलं. सगळ्यांदेखत त्यांना बोलावलं.

"चढायचा कंटाळा येतो का गं तुला?"

"रोज जाते, बडे बाबू. तिथं पेल्यात कोणी येत नाही. आधीच खड्ड्यात जातात."

"कोणते खड्डे? नगरपालिकेचे?"

शेजारच्या टेबलावरचा श्रीकांत खो-खो हसला. अलका मॅडमही हसल्या. मालूबाईंचा चेहरा उतरला. "झूठ वाटत असेल तर चला उद्या माझ्यासंग," एवढंच त्या म्हणाल्या.

मी गेलो नाही. गोळ्यांच्या जागी बाकीच्या पेल्यांची सरासरी भरली, सहा. 'काम टाळले' असा शेरा मारून फाईल वर पाठवली. सर तेव्हा बाहेरगावी होते. मालूबाई पुन्हा बाटल्या धुऊ लागल्या आणि अहवालातलं त्यांचं नाव मी खोडलं.

त्यांच्या जागी एम.एस्सी.ची तृप्ती गेली. एप्रिलभर तिनेही सात नंबरपुढे शून्यच लिहिलं. ती सगळी शून्यं मी जशीच्या तशी उतरवली. मनात शंकासुद्धा आली नाही.

सर परतले, कोष्टक पाहून म्हणाले, "मार्चमध्ये रोज सहा आणि एप्रिलमध्ये एकही नाही? असं कसं?"

"ते सहा माझे आहेत," मी म्हणालो. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालूबाईंना म्हटलं, "माळावर चला. मला दाखवा."

"आता 'चला' म्हणता," त्या म्हणाल्या, पण आल्या.

चढावर मला दोनदा बसावं लागलं. बाकी माळ मुरमाचा, पण सात नंबरपाशी कुठल्या तरी जुन्या वस्तीची पांढरी, पिठासारखी माती होती. कौलाच्या आडोशाला, पेल्याच्या चहूबाजूंनी, नरसाळ्यासारखे चिमुकले खड्डे. पंचवीस-तीस तरी असतील. एक मुंगी पेल्याकडे निघाली आणि एका खड्ड्याच्या काठावरून घसरली. वर चढू लागली तशी तळातून तिच्यावर माती उडाली. दोन बारीक जबडे दिसले, मुंगी आत ओढली गेली. पेला रिकामा.

"सैल माती दिसली की हे किडे घर करतात. पेला पुरताना आपणच तर खणली," मालूबाई म्हणाल्या.

"माझं चुकलं, मालूबाई."

"मला इथं माळावर काय सांगता? हसले त्यांना सांगा."

सोमवारी ऑफिसात सांगितलं. एकोणीस गोळे खरे होते, सरासरी मी भरली होती, शेरा मी मागे घेतोय. कोणी हसलं नाही. मालूबाई दारात बाटल्यांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"आणि नाव? पूर्ण लिहा. नुसतं मालूबाई नको."

मी टाइप केलं : मालूबाई लीलाधर महाजन. कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि प्रयोगशाळेकडे वळून हाक मारली,

"तृप्ती, इकडे ये गं. वाच बरं, खरंच काय लिहिलंय ते."