दोनशे मैलांचे दोन दिवस

पुढच्या ट्रकच्या डिझेलचा वास गाडीत शिरला, की मला कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधलं दादाच्या तेराव्याचं जेवण आठवतं. सगळ्यांना सुट्टी असावी म्हणून ते शनिवारी ठेवलं होतं. दादा डॉक्टर होता, अफगाणिस्तानातल्या खेड्यांत लसी घेऊन जाताना, दोनशे मैलांच्या वाटेवर दुसऱ्या दिवशी, त्याची जीप नदीत उलटली होती. त्याचं परत आलेलं जाकीट वहिनीच्या मांडीवर होतं, आणि त्याला अजून धुळीचा आणि डिझेलचा वास येत होता. दादाचा जुना मित्र ताट घेऊन समोर बसला आणि म्हणाला, "मला एक कळत नाही यार, दोनशे मैलांना दोन दिवस कसे लागतात? आपण साडेतीनशे मैलांवरच्या एलएला सहा तासांत ड्राइव्ह करतो. मध्ये फोटो काढत थांबला असणार, पहिल्यापासून हौशी." दोघेतिघे हसले. मी तोंड उघडलं, पण वहिनीच आधी बोलली. "भाऊजी, तिथले पूल अमेरिकेने बॉम्बने पाडले, त्याला आपलाच टॅक्स गेला. ते परत बांधायला कुणी गेलं नाही, म्हणून ह्यांना दोन दिवस नदीच्या दगडांतून जीप न्यावी लागली. पाणी अचानक वाढलं." तो पुटपुटला, "मी आपलं जनरल बोललो," आणि त्याने आणखी एक पुरी घेतली. ती पुरी मी अजून विसरलेले नाही. इथे अंतर तासांतच सांगतात. आजही कुणी "चार तासांचा तर रस्ता" म्हणालं, की मी विचारते, "मध्ये पूल आहेत ना?" लोकांना तो विनोद वाटतो.